गव्हाणीतली पांढरी खर : पशुखाद्यात हाड, मासळी, पीस आहे का हे कसं तपासावं

मागच्या उन्हाळ्यात मोहोळकडचे एक काका आमच्या प्रयोगशाळेत आले. घरी पंढरपुरी जातीच्या सहा म्हशी, दोन्ही वेळचं दूध डेअरीला. बंडीच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली. आत पांढऱ्या खरीची चिमूट होती.

"ताई, गोळी पेंड भिजवून घातली की गव्हाणीच्या तळाला ही खर राहतीया. म्हशी बाकी सगळं चाटून घेत्यात, एवढंच सोडत्यात. हाडं तर घालत न्हाईत ना ह्यात?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "कार्तिकीच्या दिंड्यांना ह्याच दुधाचा चहा पाजतो आम्ही."

सोलापूर जिल्ह्यातल्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका लहान प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं पशुखाद्य तपासते. त्या चिमटीचं उत्तर त्याच दुपारी मिळालं, पण त्यातून निघालेल्या प्रश्नाची तड लागायला दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात काय काय केलं ते इथं लिहिते. नव्यानं प्रयोगशाळेत लागलेल्या मुलामुलींना हात बसवायला ते उपयोगी पडेल, आणि नमुना पाठवणाऱ्या दूधवाल्यांना नेमकी कोणती तपासणी मागायची ते कळेल.

कारण बहुतेक जण येतात आणि म्हणतात, "प्रोटीन काढून द्या." प्रोटीन आम्ही काढतो. जेल्डाल पद्धतीत खाद्य सल्फ्युरिक आम्लात शिजवून त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. भारतीय मानक आयएस २०५२ प्रमाणे टाइप १ च्या पशुखाद्यात कमीत कमी २२ टक्के आणि टाइप २ मध्ये २० टक्के प्रथिन लागतं. पण हा आकडा फक्त नायट्रोजनचा आहे. तो सरकी पेंडेतून आला, तुरीच्या चुनीतून आला, मांस-हाडांच्या पिठातून आला की थेट युरियाच्या गोणीतून, हे त्याला माहीत नसतं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे शंभर ग्रॅम युरिया कागदावर सुमारे २८७ ग्रॅम प्रथिन दाखवतो! प्रथिन किती हे जेल्डाल सांगेल, कुणाचं ते सांगणार नाही. त्यासाठी मायक्रोस्कोपला डोळा लावावा लागतो.

'कुणाचं' याला एवढं महत्त्व का, तेही थोडक्यात सांगते. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये गाईंचा एक मेंदूचा रोग ओळखला गेला, बीएसई, ज्याला वर्तमानपत्रांनी 'मॅड काऊ' म्हटलं. मेलेल्या जनावरांचं मांस आणि हाडं शिजवून केलेलं पीठ गाईंनाच खाऊ घातल्यानं तो पसरला. रोगाचं कारण असलेलं प्रिऑन हे वाकडं झालेलं प्रथिन साध्या शिजवण्यानं मरत नाही. १९८८ मध्ये तिथं रवंथ करणाऱ्या जनावरांना असं पीठ घालायला बंदी झाली, १९९६ मध्ये माणसातल्या आजाराशी त्याचा संबंध जाहीर झाला, आणि २००१ पासून सगळ्या युरोपात कडक बंदी आली. आपल्याकडे हा रोग आढळलेला नाही. तरीही २०१९ च्या अखेरीला एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, निर्देश काढले, की दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांना, कोंबडी, डुक्कर आणि मासे वगळता, गोवंशीय किंवा डुकरांपासूनचं मांस-हाडांचं पीठ, आतडी, रक्ताचं पीठ असलेलं खाद्य देऊ नये. दूध आणि दुधाचे पदार्थ यातून वगळले आहेत. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच वाटत होतं की म्हैस गवत खाणारी आहे, तिच्या तोंडी हाड जाऊ नये. माझ्या मते तेवढं कारणही पुरे आहे.

आता नमुना. पुडीतल्या चिमटीवरून मी कोणताही निकाल लिहिला नाही आणि तुम्हीही लिहू नका. गव्हाणीत काहीही पडतं. कावळा हाड टाकून जातो, बाहेरून आलेली माती असते. माळरानावर चरणाऱ्या गाई-म्हशी स्वतः हाडं चघळतात हेही आपल्याकडच्या प्रत्येक गुराख्यानं पाहिलेलं आहे. शरीरात फॉस्फरस कमी पडला की जनावर असं करतं. तो खनिज मिश्रण द्यायचा विषय आहे, पेंडवाल्याचा दोष नाही. म्हणून नमुना शिलाई न उसवलेल्या पोत्यातूनच हवा.

काकांना मी बंद पोती आणायला सांगितली. एकाच बॅचची नऊ पोती घरात होती. पोत्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढून तेवढी पोती उघडायची असा आमचा साधा हिशेब, म्हणजे तीन. प्रत्येक पोत्यात पोकळ टोकदार नळी कोपऱ्यातून तिरकी, थेट तळापर्यंत खुपसायची. वरच्या थरातून ओंजळ भरून आणलेला नमुना मी परत पाठवते. टेम्पोच्या हादऱ्यांनी जड कण आणि भुगा खाली जाऊन बसतो, आणि आपल्याला शोधायचं असतं ते जडच असतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथं आडात असूनही पोहऱ्यात येत नाही, कारण पोहरा वरच्यावरच बुडवलेला असतो.

तिन्ही पोत्यांतला माल स्वच्छ प्लॅस्टिकवर एकत्र करायचा, ढीग चपटा करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला काढायचे, पुन्हा तेच. साधारण दीड किलो उरला की त्याच्या तीन पिशव्या करायच्या. एक तपासायला, एक खाद्य बनवणाऱ्यासाठी, एक सीलबंद आपल्या कपाटात. बॅच नंबर, तारीख, पोत्यावरचं लेबल, सगळं पिशवीवर. ही तिसरी पिशवी किती मोलाची असते ते पुढं येईलच.

मग पहिलं काम, नमुना नुसत्या डोळ्यांनी बघायचा आणि वास घ्यायचा. मासळीच्या पिठाचा, म्हणजे सुकटीचा वास लपत नाही. मांस-हाडांच्या पिठाला करपट, शिळ्या तुपासारखा वास येतो. पण आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथल्या गोळी पेंडेत मळी भरपूर असते आणि तिचा वास बाकी सगळ्यावर बसतो. म्हणून वासावर निकाल नाही. मळीनं कणही एकमेकांना चिकटतात. गोळ्या खलात हलक्या हातानं दाबून फोडायच्या, कुटायच्या नाहीत. कुटलं की हाड, टरफल, चुनखडी, सगळ्याचं सारखंच पीठ होतं आणि ओळखीची खूणच जाते. मळी फार असेल तर पाणी मिसळलेल्या अ‍ॅसिटोननं धुऊन नमुना वाळवायचा.

फोडलेला माल चाळण्यांतून काढून प्रत्येक थर पेट्री डिशमध्ये पसरायचा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, दहा ते चाळीसपट मोठा करून बघायचा. चिमटा हातात ठेवून. इथं घाई करायची नाही. आधी ओळखीची माणसं ओळखून घ्यायची. सरकीचं टरफल काळपट तपकिरी, जाड, कडेला पांढरे तंतू चिकटलेले. गव्हाचा भुसा पातळ, सोनेरी पापुद्रा. करडीच्या पेंडेतलं टरफल पांढरट, कठीण, आणि नवख्या माणसाला हमखास हाडाचा भास देणारं. सोलापुरात करडी मुबलक, म्हणून हे ध्यानात ठेवा. चिमट्यानं दाबलं की करडीचं टरफल लांबीच्या दिशेनं तंतूंनी चिरतं. हाड तसं चिरत नाही, त्याचा कोनदार टवका उडतो. मिठाचे दाणे चौकोनी. वाळू काचेसारखी.

नव्या मुलांना मी पहिले दोन आठवडे दुसरं काही करू देत नाही. बाजारातून प्रत्येक पेंड, चुनी, भुसा, भरडा शुद्ध आणायचा, वेगवेगळा दळायचा, आणि बघत बसायचं. शेजारी खात्रीचं मासळीचं पीठ, हाडाचं पीठ, पिसाचं पीठ यांच्या बाटल्या. डोळ्याला शुद्ध माल ओळखीचा झाला की परका कण आपोआप खटकतो.

काकांच्या पुडीतली खर मी याच मायक्रोस्कोपखाली घेतली होती. पांढरा, चपटा तुकडा, एका बाजूला मोत्यासारखी झाक, कडेला पानांसारखे थर. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तसा तो फसफसून उठला. हाडही आम्लात थोडे बुडबुडे सोडतं, पण असं उसळत नाही. ती शिंपल्याची खर होती. काकांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही. म्हशीच्या खाद्यात शिंपला कोण घालतं? शिंपल्याची खर अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात लागते, टरफल मजबूत व्हायला. म्हणजे हे खाद्य जिथं तयार झालं तिथं त्याच यंत्रात कोंबडीखाद्यही होत असणार, आणि कोंबडीखाद्यात मासळी आणि मांस-हाडांचं पीठ सर्रास असतं. बंद पोती मागवली ती त्यासाठी.

आता मुख्य काम, हाडं वेगळी काढणं. खाद्यातला बहुतेक माल वनस्पतींचा, हलका. हाड, मासळीचं हाड, खवले, शिंपला आणि खनिजं जड. टेट्राक्लोरोएथिलीन नावाच्या द्रवाची घनता १.६२ आहे, पाण्याच्या दीडपटीहून जास्त. त्यात खाद्य टाकलं की पेंड, भुसा, चुनी, मांसाचे तंतू वर तरंगतात आणि हाडाचे कण तळाला जातात. हाच द्रव कपड्यांच्या ड्राय क्लीनिंगला वापरतात. तो कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता मानली जाते, म्हणून वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या फ्यूम हूडखालीच उघडायचा, हातमोजे घालायचे, आणि वापरलेला द्रव सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवायचा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो तेव्हा तो भराभर उडतो. त्या दिवसांत मी हे काम सकाळी नऊच्या आत उरकते.

रीत अशी. दळलेला नमुना बरोबर १० ग्रॅम घ्या आणि तळाला तोटी असलेल्या सेपरेटिंग फनेलमध्ये टाका. त्यात ५० मिली द्रव घाला, निदान अर्धा मिनिट जोरात हलवा. मग आणखी ५० मिली आतल्या भिंती धूत धूत सोडा, म्हणजे काचेला चिकटलेले कणही खाली येतील. निदान पाच मिनिटं अजिबात धक्का लावू नका. तळाला राखाडी-पांढरा थर बसलेला दिसतो. तोटी हळूच उघडून तेवढाच थर गाळणकागदावर घ्या, हूडखाली वाळवा, वजन करा, आणि पाव मिलिमीटरच्या चाळणीनं जाड-बारीक असे दोन भाग करा. वर तरंगलेला मालही टाकू नका. मांसाचे तंतू, केस, पिसं त्यातच असतात.

गाळ निघाला म्हणजे हाड सापडलं असं नाही. पशुखाद्यात चुनखडी असते, मीठ असतं, डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट असतं, पेंडेबरोबर माती येते, आणि हे सगळं खालीच बसतं. कणांत हाडासारखं काही दिसलं तर अलिझारिन रेड हा रंग लावून बघा. आधी गाळ ब्लीचनं धुवायचा, पाण्यानं स्वच्छ करायचा, मग रंग. हाडं, मासळीची हाडं आणि खवले गुलाबी ते लाल होतात, आणि ढिगातून चिमट्यानं उचलायला सोपे जातात. पण रंग फक्त कॅल्शियमची खूण देतो. मॉलिब्डेटची चाचणीही तशीच, ती फॉस्फेटवर पिवळी होते, हाडावरही आणि डीसीपीवरही. रंगानं उमेदवार मिळतात, निवड आकारावरून करायची.

उचललेला कण स्लाइडवर, ग्लिसरीनचा थेंब, वर काचेचा पातळ तुकडा, आणि आता मोठा मायक्रोस्कोप, शंभर ते चारशेपट. इथं मी प्रत्येक वेळी श्वास रोखते. डीसीपीचा कण असेल तर तो ढेकळासारखा, अपारदर्शक, आत काही नाही. वाळू आरपार, कोरी. आणि हाड असेल तर त्या पिवळसर काचेच्या आत बारीक काळे ठिपके ओळीनं बसलेले दिसतात. हे हाड जिवंत असताना ज्या पेशी त्यात राहत होत्या त्यांची ही रिकामी घरं. प्रत्येक ठिपका लांबट अंड्यासारखा, आणि त्यातून केसापेक्षा बारीक पाय चहूकडे फुटलेले, शेजारच्या घरापर्यंत गेलेल्या पायवाटाच. आत हवा असते म्हणून ती काळी दिसतात. ग्लिसरीन आत शिरलं की हळूहळू पुसट होतात. म्हणून स्लाइड केली की लगेच बघा आणि लगेच फोटो काढा. चहा पिऊन येईपर्यंत थांबलात तर पुरावा फिका झालेला असेल.

सस्तन प्राण्यांच्या हाडात ही घरं लंबवर्तुळाकार असतात. माशाच्या हाडात ती अरुंद, लांबुडकी, चरख्याच्या चातीसारखी, आणि काही माशांच्या हाडात तर ती नसतातच. अशा वेळी खवला शोधा. खवल्यावर झाडाच्या बुंध्यासारखी एकाभोवती एक वर्तुळं दिसतात, ती बघितली की शंका राहत नाही. कोंबडीच्या हाडातली घरं जरा गोलसर आणि दाट असतात, पण तेवढ्यावरून कोंबडी की बकरं हे मी अहवालात कधीच लिहीत नाही. 'जमिनीवरचा प्राणी' आणि 'मासा' एवढाच फरक मायक्रोस्कोप भरवशानं सांगतो.

तरंगलेल्या भागात केस आणि पीस बघायचं. इथं सर्वात मोठा फसवा सरकीचा तंतू. कापूस चपटा असतो आणि रिबिनीसारखा पीळ खातो. केस गोल, सरळ, बाहेरून कौलासारखे खवले, मधून बऱ्याचदा काळी नळी. तरी मनात किंतु राहिला तर सिस्टीनची चाचणी करा. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम लेड अ‍ॅसिटेट आणि १० ग्रॅम कॉस्टिक सोडा, त्याचा थेंब टाकून स्लाइड हलकी गरम करायची. केस, पीस, शिंग यांत गंधक असतं, ते काळे-तपकिरी पडतात. कापूस तसाच राहतो. लेडचं द्रावण आहे, हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका. पिसाचं पीठ मात्र दाबाखाली शिजवलेलं असेल तर पिसासारखं दिसतच नाही, डिंकाच्या फुटलेल्या खड्यासारखं दिसतं. रक्ताचं पीठ काळपट लाल, चमकदार. त्यावर टीएमबी नावाचं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की निळा रंग येतो. काही वनस्पतींनीही तो येतो, म्हणून शेजारी शुद्ध रक्तपीठ आणि शुद्ध पेंड ठेवून तिन्हींची तुलना करा.

आणि एक दोन केस सापडले म्हणून आरोप करू नका. गोदामात उंदीर असतात, चिमण्या असतात. युरोपात बीटाच्या चोथ्यात शेतातल्या मातीबरोबर आलेले हाडाचे कण सापडले होते, कुणी मिसळलेले नव्हते. किती कण, कोणत्या प्रकारचे, किती वेळा केलेल्या तपासणीत सापडले, याची नोंद हवी. ही पद्धत नीट केली तर ०.१ टक्क्याहून कमी मिसळही पकडते, म्हणजे दहा ग्रॅममध्ये दहा मिलिग्रॅमच्याही आत. एवढी तीक्ष्ण सुरी हातात असताना ती धरणाऱ्याचा हात स्वच्छ पाहिजे.

हे मी शिकले ते चुकीतून. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सकाळी मासळीच्या पिठाचा नमुना दळला, ग्राइंडर ब्रशनं झाडला, आणि दुपारी त्याच ग्राइंडरमध्ये एका कारखान्याची गोळी पेंड दळली. मासळीची हाडं दिसली. मी फोनवरच कळवून टाकलं. त्यांनी भरलेला ट्रक थांबवला, माल उतरवला. दुसऱ्या दिवशी कपाटातली सीलबंद पिशवी उघडली, खलात फोडली, तीन वेळा गाळ काढला. एकही हाड नाही. पात्याखालच्या खोबणीत सकाळचं पीठ अडकून राहिलं होतं. मी स्वतः त्या कारखान्यात जाऊन हे सांगितलं. ते मला काही बोलले नाहीत, पण ट्रकशेजारी उतरवून ठेवलेल्या पोत्यांची थप्पी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसापासून प्रत्येक नमुन्याआधी ग्राइंडरमधून शुद्ध गव्हाचा भुसा काढते आणि तो भुसा पूर्ण पद्धतीनं तपासते. भुशात काही दिसलं तर त्या दिवशी पुढं जायचं नाही. मासळी, हाडपीठ यांना आता वेगळा ग्राइंडर, वेगळा चिमटा, वेगळा ब्रश आहे. फोनवर निकाल नाही.

काकांच्या पोत्यांचा गाळ काढला तेव्हा भुसा स्वच्छ होता. नमुन्यात शिंपला होता, माशाचे खवले होते, माशाचं हाड होतं, आणि जमिनीवरच्या प्राण्याच्या हाडाचेही कण होते. नव्यानं दहा ग्रॅम घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच.

पुढचा प्रश्न, कोणता प्राणी? इथं मायक्रोस्कोप संपतो आणि पीसीआर, म्हणजे डीएनएवरून प्राणी ओळखायची चाचणी, सुरू होते. मांस-हाडांचं पीठ युरोपीय नियमाप्रमाणे करायचं तर १३३ अंशांवर, तीन बार दाबाखाली वीस मिनिटं शिजवतात. त्यात डीएनएचे तुकडे तुकडे होतात. म्हणून पीसीआरमध्ये मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचा अगदी छोटा तुकडा शोधतात, कारण पेशीत त्याच्या प्रती भरपूर असतात आणि छोटा तुकडा शिजूनही टिकतो. रवंथ करणारा प्राणी, डुक्कर, कोंबडी असं वेगळं सांगता येतं. पण पीसीआर मांस आणि दूध यात फरक करत नाही. वासरांच्या खाद्यात दूध पावडर असेल तर गाईचं डीएनए निघणारच, आणि ते तिथं चालतं. म्हणून पीसीआरला पाठवताना लेबलवरचे सगळे घटक कळवा आणि मायक्रोस्कोपचा निकाल सोबत जोडा. उलट जिलेटिन किंवा रक्तातल्या प्लाझ्मासारख्या पदार्थात हाड, केस काहीच नसतं, ते मायक्रोस्कोपला दिसत नाही. तिथं मास स्पेक्ट्रोमेट्रीनं प्रथिनाचे तुकडे ओळखावे लागतात, आणि त्याला मोठी प्रयोगशाळा लागते. पाठवण्याआधी ती चाचणी तिथं होते का हे फोन करून विचारा, नाहीतर तुमच्या नमुन्याचं पुन्हा नुसतं प्रोटीन काढून येईल.

आम्ही नमुना बाहेर पीसीआरला पाठवला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, रवंथ करणाऱ्या प्राण्याचं डीएनए आढळलं नाही. म्हणजे सर्वात मोठी भीती नव्हती. पण हाड होतंच, मासळी होतीच, आणि लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता.

ज्या लहान गिरणीतून पोती आली होती तिचे मालक रजिस्टर घेऊन आले. मी त्यांना आरोपी केलं नाही, फक्त तारखा विचारल्या. त्या बॅचच्या सकाळी अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य झालं होतं, दुपारी त्याच मिक्सरमध्ये म्हशींचं. मधे मिक्सर झाडला होता, पण माल वर नेणाऱ्या बकेट एलिव्हेटरचा तळ कुणी उघडला नव्हता. मुद्दाम मिसळायचं तर कुणी एवढं थोडं मिसळत नाही. जाणूनबुजून घातलेल्या मांस-हाडांच्या पिठानं राख, कॅल्शियम आणि फॉस्फरस तिन्ही आकडे एकदम वर जातात. इथं ते जागेवर होते. हे आकडेही नेहमी शेजारी ठेवून वाचा. त्यांना सांगितलं, म्हशींचं खाद्य दिवसात आधी करा, कोंबड्यांचं नंतर. एलिव्हेटरचा तळ उघडून साफ करा, आणि बदल करताना दोन क्विंटल मक्याचा भरडा सगळ्या यंत्रातून फिरवून तो भरडा कोंबडीखाद्यात वापरा. पुढच्या बॅचमध्ये अजून खवला सापडला. त्याच्या पुढच्या बॅचचा गाळ मी दोनदा काढला. चुनखडी, मीठ, डीसीपी, थोडी वाळू.

अहवालात मी लिहिलं, 'तपासलेल्या नमुन्यात, या पद्धतीनं, प्राणिजन्य कण आढळले नाहीत.' खाद्यात 'नाहीतच' असं मी लिहीत नाही. जे बघितलं त्यापुरतंच लिहायचं.

काका अहवाल न्यायला आले तेव्हा जुन्या बॅचची कायमस्वरूपी करून ठेवलेली स्लाइड मी लावली आणि त्यांना बघायला सांगितलं. चष्मा काढून त्यांनी डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"मुंग्या बसल्यात जणू रांगेनं."

"ते हाड आहे, काका."

मग नवी स्लाइड लावली. ते पुन्हा वाकले, दोन्ही हात टेबलावर टेकून, आणि मी सांगेन तशी ती इकडून तिकडं पूर्ण फिरवून घेतली.

"ह्यात न्हाईत मुंग्या," ते म्हणाले, आणि अहवालाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली.